मोज्यातले हात

पारमीच्या बोटांच्या बेचक्यांत आधी लाल ठिपके आले,
होळीनंतर,
म्हणजे आमचा कूलरचा सीझन लागतो तेव्हा.
मी म्हटलं, रंगाचं असेल.
वनमाला म्हणाली, शाळेतल्या साबणाचं.
कौतिकाबाई दारातूनच म्हणाल्या,
"उष्णता हाय बापू, पोट्टीले सब्जा पाज."
पाजला.
कडुनिंबाचा पाला उकळून त्यात हात बुडवले,
ती ओठ दाबून बसली
आणि मी तिला शहाणी म्हणालो.

नागपुरात मेडिकल दोन :
एक औषधाचं दुकान, एक सरकारी दवाखाना.
आम्ही आधी चुकीच्यात गेलो.
गोळीबार चौकातल्या पोरानं न विचारता ट्यूब दिली,
दोन दिवसांत हात असे लख्ख
की मी त्याच्या कूलरच्या ताट्या फुकट भरून देणार होतो.
तिसऱ्या आठवड्यात सगळं परत आलं, दुप्पट,
मनगटापर्यंत,
पेन धरलं की भेगेतून पाणी.
साखळीच्या खेळात कुणी तिचा हात धरेना.
हे तिनं नाही सांगितलं,
मैत्रिणीच्या भावानं सांगितलं,
एका बर्फाच्या गोळ्याच्या बदल्यात.

मग दुसरं मेडिकल.
सकाळी सातला चिठ्ठी, बाराला नंबर.
ढोमणे मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला,
तिचे हात हातात घेतले, उघड्या हातांनी,
आणि चक्क वास घेतला.
"शाळेतून आल्यावर काय करतेस गं?"
"ताट्या भरते," पारमी म्हणाली, ताठ बसून,
"जाळीत लाकडाचा भुसा दाबते.
बाबांपेक्षा लवकर. माझे हात लहान आहेत ना,
कोपऱ्यात जातात."

मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागलो.
तो गरोदर बायांसाठी होता.

मॅडम म्हणाल्या, हे कुणाला लागत नाही,
शाळेत तसं लिहून देते.
हिची कातडी जन्मतःच जरा विरळ,
ओल धरून ठेवत नाही,
त्यात भुसा, त्यात साबण, त्यात तुमचा कडुनिंब.
मला विरळ ताटी दिसली,
जिच्यातून झळ सरळ खोलीत येते.
एवढं तर मला कळायला हवं होतं.

कोमट पाण्यात पाच मिनिटं, जास्त नाही.
पुसायचं नाही, टिपायचं.
ओलसर असतानाच व्हॅसलीन, दिवसातून जितकं जमेल तितकं.
हे मलम रात्री, पातळ, दहा दिवस, मग मला दाखवायचं,
ते दुकानातलं कचऱ्यात.
नखं कापा.
"आणि भुसा बंद."
"सीझनभर?"
त्यांनी उत्तर दिलं नाही, पुढचा नंबर पुकारला.

उठता उठता पारमी म्हणाली,
"बाबांचे पण बघा ना."
मी हात खिशात घातले.
बावीस उन्हाळे झाले या हातांना,
आजवर कुणी त्यांना आजारी म्हटलं नव्हतं,
कामाचे हात म्हणायचे.

आता कोपरे मी पकडीनं भरतो.
ताटी जरा वाकडी होते,
इंदोऱ्याचं गिऱ्हाईक विचारतं, "काहून हो, डोळे गेले का?"
पारमी स्टुलावर बसून बिलं लिहिते,
भुशाच्या पोत्यापासून लांब,
आणि माझ्या बेरजा खोडते.
शेहेचाळीस डिग्रीच्या दिवशी करंगळीपाशी
पुन्हा दोन ठिपके आले.
वनमाला धावली नाही. डबी उघडली फक्त.

रात्री मलमावर मोजे, शाळेचे जुने,
एक निळ्या पट्टीचा, एक बिनपट्टीचा,
झोपेत खाजवू नये म्हणून.
ती त्यांना बोलायला लावते.
"खाजते का वो?"
"नाही."
"खोटं."
"थोडंसं. बाबांना नको सांगू."
कूलर घरघरतो,
आणि मी अंधारात बोटांनी चाचपतो
डबीचं झाकण.